न मागितलेली पत्रे : एका उपद्रवाचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकांवर बसून अक्षरओळख झाली त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण द्यावे, ह्यात धन्यता जितकी आहे तितकाच संकोचही आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते आमचे सर मराठी आणि इतिहास हे दोन विषय शिकवीत. इंदुरात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांची घरातली भाषा एक आणि रस्त्यावरची दुसरी. घरातली भाषा टिकवायची असेल तर ती लिहिली पाहिजे, आणि लिहायची तर पत्रांतून, असे सरांचे ठाम मत होते. म्हणून दर शनिवारी पत्रलेखनाचा तास असे. त्या तासाला सर आपल्या संग्रहातील जुनी पाकिटे वर्गात फिरवीत. होळकर संस्थानाचे तिकीट लावलेले एक पाकीट त्यांत होते. ते हातात देऊन सर म्हणत, “मजकूर नंतर वाचा. आधी तीन गोष्टी सांगा. हे निघाले कुठून? कोणत्या वाटेने आले? आणि पैसे कोणी भरले?”

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. नको असलेले ई-मेल, ज्याला जगभर ‘स्पॅम’ म्हणतात, हा काय इतिहासाचा विषय झाला? तो तर रोज सकाळी पुसून टाकायचा केर. परंतु केरालाही इतिहास असतो, आणि हा केर कुठून येतो हे न कळल्यामुळे अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. सरांचे ते तीन प्रश्न हाताशी धरूनच मी हा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. शेवटचा प्रश्न प्रथम घेतो, कारण साऱ्या उपद्रवाचे मूळ त्यात आहे.

१. पैसे कोणी भरले?

१८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे हशील बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावे अशी रीत होती. पत्र दारात आले की पैसे मोजायचे किंवा पत्र परत पाठवायचे. रोलंड हिल ह्यांच्या सुधारणेने ही रीत पालटली. १८४० साली एक पेनी हा समान दर ठरला आणि तो पाठवणाऱ्याने तिकीट लावून आगाऊ भरावा अशी व्यवस्था झाली. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्याचा समान दर आला आणि १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. होळकर संस्थानाने १८८६ साली स्वतःचे तिकीट काढले. आमच्या वर्गात फिरणारे पाकीट त्या परंपरेतले. बिनतिकिटाचे पत्र आले तर पोस्टमन घेणाऱ्याकडून दुप्पट हशील मागे. अशा पत्राला घराघरांत ‘नॉटपेड’ किंवा ‘बेअरिंग’ म्हणत, आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे ‘बैरंग’. ते नाकारण्याची मुभा प्रत्येकाला होती.

लिहिणाऱ्याने पैसे भरावेत ह्या साध्या नियमात एक बंधन दडलेले होते. ज्याला हजारांना उपद्रव द्यायचा आहे त्याला हजार तिकिटांचे पैसे मोजावे लागत. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना देवादिकांच्या नावाने येणारी साखळीपत्रे आठवत असतील. हे पत्र मिळताच इतक्या जणांना पाठवा, न पाठवल्यास अनिष्ट घडेल, असा त्यांतील धाक असे. धाक कितीही मोठा असला तरी दर पोस्टकार्डामागे खिशातले पैसे जात आणि हाताने लिहिण्याचे कष्ट पडत. श्रद्धाळू माणूसही दहा-अकरा कार्डांवर थांबे.

तारायंत्र आले तेव्हा ह्या उपद्रवाची पहिली चुणूक दिसली. १८६४ च्या मे महिन्यातील एका संध्याकाळी लंडनमधील काही राजकीय पुढाऱ्यांच्या दारावर तारवाला येऊन उभा राहिला. त्या काळी तार म्हणजे तातडीची, बहुधा गंभीर वार्ता. धडधडत्या छातीने तार उघडावी तर आत एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वेळा! एका संतप्त गृहस्थाने ‘टाइम्स’ पत्राकडे तक्रार केली. जाहिरातदाराने येथे पैसे भरले होते हे खरे; तथापि घेणाऱ्याचे लक्ष, त्याची झोप आणि त्याची भीती ही त्याने फुकट वापरली होती. न मागितलेल्या व्यापारी संदेशांच्या इतिहासातील हे एक आद्य उदाहरण मानले जाते.

ई-मेलने हे गणित पूर्णपणे उलटे केले. एक पत्र पाठवा की दहा लाख, पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ तोच. साठवणुकीची जागा, जाळ्याची वाहतूक आणि वाचून फेकण्याचा वेळ हा सारा भार घेणाऱ्यावर आणि त्याला सेवा देणाऱ्या संस्थेवर. तात्पर्य, रोलंड हिलने जी रीत मोडली तीच एका शतकाहून अधिक काळानंतर मागील दाराने परत आली. अवांछित ई-मेल म्हणजे नाकारता न येणारे नॉटपेड पत्र होय.

२. पहिले पत्र

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साह्याने १९६९ साली ‘आर्पानेट’ हे संगणकांचे जाळे सुरू झाले. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवण्याची सोय केली आणि पत्त्यात ‘अॅट’चे चिन्ह आणले. जाळे लहान होते आणि बहुतेक मंडळी विद्यापीठांतील किंवा संशोधनसंस्थांतील होती. चोर नसलेल्या गावात दाराला कडी कोण लावतो?

तरीही एका द्रष्ट्या माणसाला धोका दिसला होता. जॉन पोस्टेल ह्यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये रद्दी टपालाच्या प्रश्नावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. ह्या जाळ्यातील संगणकाला नको असलेला संदेश निवडून नाकारण्याची सोयच नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. टिपण जेमतेम पानभराचे. परंतु पुढील पन्नास वर्षांचे दुखणे त्यात नेमके सांगितलेले आहे.

अडीच वर्षांनी भाकीत खरे ठरले. ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ ह्या संगणक कंपनीचा विक्रेता गॅरी थर्क ह्याला आपली नवी यंत्रे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांना दाखवायची होती. आर्पानेटच्या सभासदांची छापील यादी उपलब्ध होती. ३ मे १९७८ रोजी त्याने त्या यादीतील सुमारे ४०० जणांना एकच निमंत्रण धाडले. पत्ते इतके होते की पत्त्यांसाठी राखलेली जागा भरून ते खालच्या मजकुरात सांडले. तक्रारींचा गदारोळ उडाला. जाळ्याची देखरेख करणाऱ्या संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने नियमभंग झाल्याचे स्पष्ट शब्दांत कळवले आणि थर्कला समज मिळाली.

ह्या प्रसंगी जी चर्चा झाली ती वाचण्यासारखी आहे. पुढे मुक्त संगणकप्रणालीचे प्रणेते म्हणून गाजलेले रिचर्ड स्टॉलमन तेव्हा तरुण होते. त्यांनी प्रथम थर्कची बाजू घेतली. अशा पत्राने एवढे काय बिघडले, असा त्यांचा सूर होता. त्यांना ते पत्र आलेच नव्हते! मग कोणीतरी ते त्यांच्याकडे धाडले. पत्त्यांचा तो लांबलचक पसारा पाहताच त्यांनी आपला शब्द मागे घेतला. इतरांच्या त्रासाबद्दल उदार होणे किती सोपे असते! दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ह्या निमंत्रणातून कोट्यवधी डॉलरची विक्री झाली असे थर्क पुढे अभिमानाने सांगत असे. म्हणजे पहिल्याच प्रयोगात अवघ्या इतिहासाचे दोन्ही धागे हाती लागतात : लोक चिडतात, आणि तरीही धंदा होतो.

३. मांसाच्या डब्याचे नाव

‘स्पॅम’ हा शब्द आला कुठून? अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डबाबंद मांसाचा एक पदार्थ बाजारात आणला. त्याचे हे नाव. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या टंचाईत ब्रिटनमध्ये हा डबा इतका खपला की लोकांना त्याचा वीट आला. १९७० च्या डिसेंबरात ‘मॉन्टी पायथन’ ह्या विनोदी नटमंडळीने दूरचित्रवाणीवर एक प्रहसन सादर केले. त्यातल्या खाणावळीत प्रत्येक पदार्थात हे मांस असते आणि त्या नावाच्या घोषात इतर सारे बोलणे बुडून जाते. पुनरुक्तीच्या गोंगाटात खरे संभाषण बुडणे, ही उपमा संगणकावर गप्पा मारणाऱ्या तरुणांनी १९८० च्या दशकात उचलली.

‘यूजनेट’ नावाच्या सार्वजनिक चर्चामंडळांत १९९३ च्या मार्चअखेर एका सदस्याच्या सदोष प्रणालीने चुकून सुमारे २०० संदेश पाठोपाठ धाडले, तेव्हा त्या प्रकाराला हाच शब्द लावला गेला. ती चूक होती. पुढच्या वर्षी जे घडले ते जाणूनबुजून. १२ एप्रिल १९९४ रोजी लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल ह्या ॲरिझोनातील वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक चर्चामंडळांत एकाच वेळी टाकली. वस्तुतः त्या सोडतीत भाग घेण्यासाठी वकिलाची गरज नव्हती. परमुलखात स्थिरावू पाहणाऱ्या माणसाची आशा आणि त्याचे अज्ञान ह्यांवर बेतलेला तो व्यवसाय होता. त्यांना सेवा देणारी संस्था तक्रारींच्या लोंढ्याखाली वारंवार बंद पडली आणि तिने त्यांचे खाते काढून घेतले. दांपत्याला पश्चात्ताप नव्हता. उलट अशा मार्गाने श्रीमंत कसे व्हावे ह्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. १९९७ साली टेनेसी राज्यात कँटरची सनद रद्द झाली, आणि त्याच्या कारणांत ही जाहिरातबाजीही होती.

हा काळ आपल्या लक्षात आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९६ च्या जुलैत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांची ‘हॉटमेल’ ही फुकट टपालसेवा सुरू झाली आणि ई-मेलचा पत्ता कोणालाही मिळू लागला. अर्थात तो ठकालाही मिळू लागला.

४. जुनी ठकबाजी, नवा लिफाफा

जाहिरात हा उपद्रव. फसवणूक हा गुन्हा. दोहोंची वाट एकच असल्याने आपण त्यांना एकाच नावाने ओळखतो, परंतु दुसऱ्याचा वंश फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात व अमेरिकेत ‘स्पॅनिश कैद्या’ची पत्रे फिरत. एक धनाढ्य गृहस्थ स्पेनच्या तुरुंगात अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे द्या, पुरलेल्या खजिन्यातला वाटा मिळेल, असा त्यांचा मजकूर. फ्रान्सचा प्रसिद्ध गुप्तपोलीस विदोक ह्याने आपल्या लेखनात ह्याच जातीच्या पत्रांचे वर्णन केले आहे. १९८० च्या दशकापासून नायजेरियातून जी पत्रे आधी टपालाने, मग फॅक्सने आणि शेवटी ई-मेलने जगभर गेली, त्यांचा सांगाडा हाच. तेथील फौजदारी कायद्याच्या कलमावरून त्यांना ‘४१९’ हे नाव पडले. कैद्याच्या जागी पदच्युत मंत्र्याची विधवा आली, तुरुंगाच्या जागी बँकेचे गोठवलेले खाते आले. आधी थोडे पैसे पाठवा, ही मागणी मात्र जशीच्या तशी राहिली.

ह्याच वंशातील एका पत्राशी माझा स्वतःचा संबंध आला. ती हकीकत सांगणे मला सुखाचे नाही. पण ह्या व्यासपीठावर ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०११ साली मी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी होतो. एके रात्री मला एक सूचना आली. तुमची टपालपेटी भरली आहे, चोवीस तासांत नाव व पासवर्ड भरून पाठवा, अन्यथा खाते बंद होईल, असा मजकूर होता. कामाच्या गडबडीत मी तो भरला. दोन दिवसांत माझ्या नावाने, माझ्याच पत्त्यावरून, माझ्या यादीतील प्रत्येकाला पत्र गेले की मी लंडनला आलो असता माझे पाकीट चोरीस गेले आहे, हॉटेलचे बिल भरण्यास पैसे नाहीत, त्वरित साह्य करावे. बहुतेकांनी फोन करून खात्री केली. मी पासवर्ड बदलला, चारदोन मित्रांची क्षमा मागितली आणि प्रकरण विसरलो.

दीड वर्षाने दिवाळीत इंदूरला आलो आणि सरांच्या घरी गेलो. पाया पडून उठलो तोच सरांनी विचारले, “लंडनहून सुखरूप परतलास ना? तुझे पत्र आले आणि जीव थाऱ्यावर नव्हता.”

“सर, मी लंडनला कधी गेलोच नाही.”

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. निवृत्तिवेतनातून साठवलेले ४०,००० रुपये त्यांनी पाठवले होते. पैसे पोहोचले का, असे विचारणारे दुसरे पत्रही लिहिले होते, आणि ‘पोहोचले, आभारी आहे’ असे उत्तर त्यांना माझ्या नावाने आले होते. ते मला म्हणाले, “शिक्का दिसला नाही रे. ह्यात शिक्का पाहायचा कुठे असतो?” मी पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पोलिसांत किंवा बँकेत कळवू या म्हटले, तर म्हणाले, “जन्मभर मुलांना पत्र वाचायला शिकवले. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

ती तक्रार कधीच नोंदली गेली नाही. माझी चूक दोन वेळा झाली : एकदा पासवर्ड दिला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा यादीतील प्रत्येकाला तत्काळ सावध केले नाही तेव्हा. सरांच्या प्रश्नाचे उत्तरही मी त्या दिवशी देऊ शकलो नाही. ते आज देतो.

५. शिक्का कुठे असतो?

१९८२ च्या ऑगस्टमध्ये पोस्टेल ह्यांनीच ई-मेलच्या वाहतुकीचे जे नियम सिद्ध केले त्यांवर आजची व्यवस्था उभी आहे. त्या नियमांत पाठवणाऱ्याचे नाव तपासण्याची तरतूद नव्हती. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कोणीही काहीही लिहावे, तसे हे आहे. म्हणून पडद्यावर दिसणारे नाव हा पुरावा नव्हे. परंतु पत्र ज्या ज्या संगणकातून जाते तो तो संगणक त्यावर आपली एक ओळ चढवतो : पत्र कोणाकडून मिळाले, कोणी घेतले, कोणत्या वेळी. नवी ओळ जुन्या ओळीच्या वर बसते. ह्या ओळी नेहमी झाकलेल्या असतात. ‘मूळ संदेश दाखवा’ अशा नावाचा पर्याय निवडला की दिसतात. हेच ते पोस्टाचे शिक्के. वरून खाली वाचत गेले की पत्राचा उलटा प्रवास उलगडतो. मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या टपालसेवेने उमटवलेली वरची ओळ विश्वासार्ह. खालच्या ओळी ठकाने स्वतः रचलेल्या असू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. कागद अस्सल की बनावट, हे ठरवताना तो किती हातांतून गेला आणि त्यांतला कोणता हात भरवशाचा, हेच आपण पाहतो.

सरांच्या बाबतीत तर हे शिक्केही अपुरे पडले असते, कारण पत्र माझ्याच खात्यातून निघाले होते. तेथे एकच उपाय होता : पत्रावर विसंबून न राहता माणसाला फोन करणे. शिक्का खरा असला तरी हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

६. बंदोबस्ताचे प्रयत्न

ह्या उपद्रवाविरुद्ध तीन मार्गांनी लढाई झाली : बहिष्कार, गाळणी आणि कायदा.

बहिष्काराचा आरंभ १९९७ साली झाला. पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपद्रवी संगणकांची काळी यादी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. यादीतील संगणकाकडून पत्र घ्यायचेच नाही, असा करार. १९९८ साली ‘स्पॅमहाउस’ ही संस्था निघाली. त्याच वर्षी ‘स्पॅमकॉप’ ही सेवा आली; सामान्य माणसाने पाठवलेल्या पत्राचे शिक्के वाचून ती योग्य ठिकाणी तक्रार पोहोचवी. प्रत्येक संस्थेने तक्रारींसाठी ‘अब्यूज’ ह्या नावाची पेटी ठेवावी, असा संकेतही १९९७ च्या मे महिन्यात लिखित झाला.

गाळणीचे श्रेय अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ ह्यांच्याकडे जाते. संभाव्यतेविषयीचा त्यांचा निबंध १७६३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. २००२ साली पॉल ग्रॅहॅम ह्यांच्या लेखाने त्यांचे सूत्र ह्या कामी लोकप्रिय केले. आपण ज्या पत्रांना रद्दी म्हणतो त्यांत कोणते शब्द वारंवार येतात आणि खऱ्या पत्रांत कोणते, हे मोजून यंत्र नव्या पत्राची शक्यता ठरवते. म्हणजे गाळणीला शहाणपण येते ते आपण केलेल्या निवाड्यांतून.

२००४ च्या जानेवारीत बिल गेट्स ह्यांनी हा प्रश्न दोन वर्षांत सुटेल असे जाहीर केले. तो सुटला नाही. ठकांनी घरोघरच्या संगणकांत गुपचूप प्रणाली घुसवून त्यांनाच राबवायला सुरुवात केली होती. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा एका जाळ्यात शिरून हिशेब मांडला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि खरेदीस तयार झालेली माणसे होती २८. सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! ज्या व्यवहारात पोस्टेज शून्य असते तेथे इतके गिऱ्हाईकही पुरते.

त्याच वर्षी तक्रारीचे सामर्थ्यही दिसले. एका अमेरिकन पत्रकाराने ‘मॅककोलो’ ह्या कॅलिफोर्नियातील कंपनीविरुद्धचे पुरावे तिला जोडणी देणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे ठेवले. ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी तिची जोडणी तोडली आणि जगातील अवांछित पत्रे एका रात्रीत सुमारे दोन-तृतीयांशांनी घटली. काही महिन्यांत ती पुन्हा वाढली हे खरे. पण हा निसर्गाचा कोप नसून मोजक्या लोकांचा धंदा आहे, हे सिद्ध झाले.

कायद्याच्या बाबतीत दोन विचार दिसतात. युरोपीय संघाने २००२ साली आधी संमती घ्या, मग पाठवा, हे तत्त्व स्वीकारले. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने पाठवा, पण नको म्हटल्यावर थांबा, असे म्हटले. पहिला विचार घेणाऱ्याचा उंबरठा मानतो. दुसरा पाठवणाऱ्याचा बाजार मानतो.

आपल्या देशातील कथा वेगळी आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ‘६६-अ’ हे कलम आले. पत्राच्या उगमाविषयी दिशाभूल करणारा किंवा केवळ त्रास देण्यासाठी पाठवलेला ई-मेल त्यात गुन्हा ठरला होता. पण त्याच कलमात इतर शब्द इतके सैल होते की त्यांचा वापर साध्या मतप्रदर्शनाविरुद्ध होऊ लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली आणि देशभर संताप उसळला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केले. ते योग्यच झाले. मात्र कलमाबरोबर अवांछित ई-मेलविषयीची तरतूदही गेली. फसवणुकीसाठी ‘६६-ड’ आणि इतर कलमे आहेत. दूरध्वनी व लघुसंदेशांसाठी दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आणि १९०९ हा क्रमांक आहे. परंतु नुसत्या उपद्रवी ई-मेलसाठी त्यांच्या तोडीची व्यवस्था उभी राहिली नाही. म्हणूनच आपल्या हातातील साधने आपण वापरली पाहिजेत.

७. तक्रार हे कर्तव्य

ती साधने थोडक्यात सांगतो. अनोळखी पत्राला उत्तर देऊ नये. उत्तराने पत्ता जिवंत असल्याची ग्वाही मिळते. त्यातील ‘यादीतून काढा’ ह्या दुव्यावरही बोट ठेवू नये. ती सोय ओळखीच्या, प्रतिष्ठित संस्थांच्या पत्रांपुरती वापरावी. पत्र नुसते पुसू नये, ‘स्पॅम’ किंवा ‘फिशिंग’ म्हणून नोंदवावे. पुसल्याने आपली पेटी स्वच्छ होते. नोंदवल्याने शेजाऱ्याचीही होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना मर्यादा घातली. हजार पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या की पाठवणाऱ्याची पत धोक्यात येते. हजारात तीन! आपल्या एका बोटाचे वजन ह्याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

पैसे गेले असतील तर विलंब घातक ठरतो. १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तत्काळ कळवावे, बँकेला कळवावे आणि मूळ पत्र जपून ठेवावे, कारण शिक्के त्यावरच असतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक तत्त्व घालून दिले. ग्राहकाच्या चुकीने पासवर्ड गेला असला तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. म्हणजे कळवण्याचा क्षण हाच जबाबदारीची सीमारेषा ठरतो. लाजेने गप्प बसलेला माणूस त्या रेषेच्या अलीकडेच राहतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला माजी विद्यार्थी संघ स्नेहसंमेलनाची निमंत्रणे शेकडो जणांना एकदम धाडतो, सारे पत्ते उघड्यावर मांडून. थर्कने १९७८ साली हेच केले होते! मग निमंत्रण रद्दीत पडले की आपण गाळणीला दोष देतो. ज्याला पत्र हवे त्याची संमती घ्यावी, पत्ते झाकावेत, नको म्हणणाऱ्याचे नाव आदराने वगळावे. आणि ज्यांना पत्र हवे आहे त्यांनी अधूनमधून रद्दीची पेटी चाळावी, गाळणीही चुकते.

मित्रहो, सरांना ज्या पत्राने फसवले त्यात चातुर्य फारसे नव्हते. सरांचा माझ्यावर जीव होता, एवढेच ठकाचे भांडवल होते. विद्यार्थी संकटात आहे हे वाचून ज्याने शंका न घेता पैसे पाठवले, त्याने लाजावे असे त्यात काय होते? लाज ठकाची आणि काही अंशी माझी. तरीही बोलले नाहीत ते सर, आणि आजही घराघरांत न बोलणारी माणसे आहेत. आपल्या आईवडिलांना, आपल्या जुन्या शिक्षकांना घरी गेल्यावर विचारा, असे काही पत्र आले होते का? आणि ‘हो’ असे उत्तर आले तर प्रथम रागावू नका. त्यांच्याजवळ बसा, पत्र उघडा, आणि तक्रार त्यांच्या शेजारी बसून करा.

पत्र कुठून निघाले, कोणत्या वाटेने आले, पैसे कोणी भरले. हे तीन प्रश्न ज्यांनी शिकवले त्यांच्या स्मृतीस वंदन करतो.